सोबत जोडला आहे: एक चष्मा

महोदय,
हा बाविसावा अर्ज.
आधीच्या एकवीस अर्जांचे आवक क्रमांक मागच्या पानावर आहेत.
ज्यांना क्रमांक मिळालाच नाही त्यांच्यापुढे
मी नुसती तारीख टाकली आहे,
आणि त्या दिवशी खिडकीवर कोण बसलं होतं ते.

विषय: माझा धाकटा भाऊ हाब्तेझगी.
चार पानी साप्ताहिकाचा संपादक, बातमीदार,
आणि गुरुवारी रात्री सायकलला गठ्ठे बांधणाराही तोच.
अकरा वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, आमच्या नव्या वर्षाच्या आठवड्यात
अस्मारातल्या राहत्या घरातून त्याला नेलं.
कॉफीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.
तिसरी, बरकतीची, अजून निखाऱ्यावर होती.
आलेल्या दोघांपैकी तरुण होता तो म्हणाला,
पाच मिनिटांचं काम आहे.
म्हणून त्याने वाचायचा चष्मा घेतला नाही.

आपल्या कार्यालयाने मला तोंडी कळवलं
की या नावाच्या इसमाला अटक झाल्याची नोंद नाही,
आणि नोंदच नाही तर सुटका कशाची करणार?
बरोबर आहे, महोदय.
कागदाला कागदच सोडवतो.
म्हणून मी आता सुटका मागत नाही.
मी आरोप मागते.

त्याच्यावर काहीतरी ठेवा.
वाटल्यास देशद्रोह ठेवा,
नाहीतर परवान्याशिवाय शाई बाळगल्याचा गुन्हा.
एक कलम द्या, एक तारीख,
एक न्यायाधीश, पेंगत असला तरी चालेल.
निर्दोष माणसाची शिक्षा कधी संपते
ते मला कुणी सांगत नाही.
गुन्हेगाराची निदान मोजता तरी येते.

त्याने काय लिहिलं ते मी लपवत नाही.
बंदरात उतरलेला गहू कुठल्या गोदामात गेला,
पोती किती, पावत्या किती.
शिवाय शेवटच्या अंकात हवामान चुकलं होतं.
त्याची दिलगिरी पुढच्या अंकात यायची होती.
ती राहिली.

पहिली दोन वर्षं मी डबा नेत असे.
फाटकावरचा शिपाई भरलेला घ्यायचा, रिकामा द्यायचा.
कुणी खाल्लं ते विचारायचं नसतं.
एके दिवशी म्हणाला, बाई, उद्यापासून नको.
मी विचारलं, दुसरीकडे हलवलं का, की...
त्याने फाटक लावून घेतलं.
त्या 'की'च्या पुढे
मी नऊ वर्षं उभी आहे.

चष्म्याचं सांगायचं राहिलं.
आम्हा दोघांचे डोळे वडिलांवर गेलेले,
बरोबरीनेच अधू होतात.
मी माझा नंबर तपासून घेतला. पावणेदोनने वाढलाय.
चष्मेवाल्याने त्याच्या जुन्या फ्रेमीत तेवढ्याच वाढीव काचा बसवल्या,
पैसे घेतले नाहीत, पावतीही दिली नाही.
पावतीवर नाव लिहावं लागतं.

गेल्या बुधवारी एकविसावा अर्ज घेऊन आले
तेव्हा खिडकीवरचे गृहस्थ आपला चष्मा घरी विसरले होते.
खिसे चाचपून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.
मी हाब्तेझगीचा दिला.
त्यांनी अर्ज वाचला. ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत.
इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच कुणी वाचला, निदान माझ्यासमोर.
मग शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या,
म्हणाले, जवळचं स्वच्छ दिसतं.
माझ्यामागच्या रांगेकडे त्यांनी पाहिलं नाही.
त्या तारखेपुढे, खिडकीवर कोण बसलं होतं,
तो रकाना मी कोरा ठेवला आहे.

तो चष्मा या अर्जासोबत पाठवत आहे.
कृपया पोच द्यावी.
नंबर चुकला असेल
तर ते त्याला स्वतःला
मला सांगू द्यावं.

आपली विश्वासू,
लेतेब्रहान